शिक्षणाचं पालकत्व: संस्थेतून की गुरुजींच्या हातून?

मे महिना आला की दोघं-तिघं तरी मला विचारतात: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या एखाद्या पोराचा शिक्षणाचा खर्च उचलायचाय, मोठ्या संस्थेतून करू की शाळेशी थेट बोलू? मी दोन्ही करून बघितलंय. आधी चार वर्षं संस्था, आता थेट.

संस्थेत डोक्याला ताप नाही. दरमहा खात्यातून रक्कम परस्पर जाते, देणगीवरच्या करसवलतीची (८०जी) पावती घरी येते. (जुन्या करप्रणालीत असाल तरच तिचा उपयोग, आणि २,००० रुपयांच्या वर रोख दिलीत तर सवलत विसरा.) पोर शाळा सोडायला लागलं तर घरी जाऊन आईबापाशी बोलणारा माणूस त्यांच्याकडे असतो. आपला पैसा त्याच पोराला जातो असं मात्र धरून चालू नका. बरेचदा तो गावातल्या एकत्रित कामात पडतो. मला त्यात वावगं वाटलं नाही.

माझं बिनसलं ते पत्रावरून. मी बेळगावच्या शहापुरात राहतो, मुलगी खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या पलीकडची. ती घरी मराठी बोलते, मीही. तरी तिचं पत्र यायचं इंग्रजीत, टाइप केलेलं, 'डिअर स्पॉन्सर'. सोबत मूळ पत्राची झेरॉक्स. त्यात तिचं अक्षर इतकं फिकट की खिडकीपाशी धरून वाचायचं. मी मराठीत उत्तर धाडलं तर ऑफिसातून फोन, "इंग्रजीत लिहा सर, तपासावं लागतं." मुलांच्या सुरक्षेसाठी तपासतात, ते पटतं. पण 'पावसात शाळेला कशी जातेस?' या माझ्या साध्या प्रश्नाला चार महिन्यांनी उत्तर आलं: 'आय लाइक रेन.'

झेरॉक्सवर डोळे ताणले तेव्हा कळलं, तिनं लिहिलं होतं, 'पाऊस बरा वाटतो, पण दप्तर भिजतंय.'

त्याच वर्षीच्या जूनमध्ये मी तिकडच्याच एका शाळेत गेलो, ओळखीनं. पैशाचं पाकीट पुढं केलं तर गुरुजी म्हणाले, "पुस्तकं, गणवेश, दुपारचं जेवण सरकार देतंय. पोरींना ११ जून २०२३ पासून बसही फुकट. तुम्ही रेनकोट द्या की. छत्री नको, वाऱ्यात उलटते. आणि एक साईज मोठा घ्या, दप्तर आत मावायला पाहिजे."

थेट देण्यात कटकटी आहेतच. पावती नाही. गुरुजींची बदली झाली की धागा तुटतो. माझा एकदा तुटलाय. शिवाय शाल-नारळ, स्टेजवर खुर्ची, आणि पोरांना ओळीत उभं करून फोटो. ते आधीच हात जोडून नको म्हणून सांगावं लागतं, तरी एखादा मोबाईल निघतोच.

पण खरी अडचण दहावीनंतर येते. मराठीत शिकलेलं पोर पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) गेलं की वर्गात इंग्रजी नाहीतर कन्नड, आणि पहिल्या चाचणीतच गप्प होतं. तिथं शिकवणीची फी, होस्टेलचं डिपॉझिट, पोरगा असेल तर बसपास, हे ऐनवेळी लागतं, आणि एका फोनवर देता येतं.

पुण्या-मुंबईत किंवा परदेशात राहत असाल तर संस्थाच बरी, मीही तेच केलं असतं. फक्त फॉर्म भरण्याआधी विचारून घ्या, मुलाचं मूळ पत्र पाठवता का, आणि झेरॉक्स नीट काढता का.