बिस्मार्क पाम आणि दोन महिन्यांची गॅरंटी

फार्महाऊसच्या फाटकाशी चंदेरी-निळसर बिस्मार्क पाम लावून घेताना होणारी फसगत जवळपास एकाच साच्यातली असते. झाड हायड्रा क्रेनने येतं, पैसे जागेवरच चुकते होतात, 'दोन महिने गॅरंटी' तोंडी मिळते. दोन महिने झाड ठणठणीत. पाचव्या महिन्यात मधली सुरळी, म्हणजे न उघडलेलं कोवळं पान, ओढली की हातात येते, बुडाशी कुजून घाण वास मारणारी.

विकणाऱ्याला हे ठाऊक असतं. पामच्या बुंध्यात पाणी आणि पिष्ट साठलेलं असतं. मुळं मेली तरी त्या शिदोरीवर तो काही महिने हिरवा राहतो, एखादं नवं पानही काढतो. शेंडा मात्र एकच. तो गेला की झाड संपलं.

खरी खोट खणण्यात असते. जमिनीतला बिस्मार्क काढायचा तर बुंध्यापासून दोन-अडीच फुटांवर आधी अर्ध्या घेराने चर खणून मुळं तोडायची, दीड-दोन महिन्यांनी उरलेल्या अर्ध्याने, आणि नवी मुळं फुटली की मग उचल. एवढा वेळ वाचवायला झाड एका दिवसात उपटून मोठ्या बॅगेत भरतात आणि 'बॅगेतच वाढलेला' म्हणून विकतात. बुंधा हलवून बघा: माती जागेवर आणि बुंधा डुलतोय, तर तो कालच भरलेला. बॅगेच्या भोकांशी जिवंत मुळं दिसली पाहिजेत. ज्याचा बुंधा अजून जमिनीवर आलेला नाही असं उपटलेलं झाड फुकटही घेऊ नका. नवी मुळं बुंध्याच्या बुडातून फुटतात आणि ते बूडच अजून तयार नसतं.

'बारा फुटी' म्हणताना झावळ्याही मोजतात, बुंधा तीनच फूट निघतो. बिलावर बुंध्याची उंची वेगळी लिहून घ्या.

टेकूचा खर्च वाचवायला फूट-दीड फूट खोल पुरणं, हा आणखी एक उद्योग. सांगली-मिरजेकडच्या काळ्या रानात याने मुळं गुदमरतात. खड्डा मुळांच्या मातीसकट गड्ड्याएवढाच खोल, पण दुप्पट रुंद हवा. त्यात पाणी भरून दुसऱ्या दिवशीही साचलेलं दिसलं, तर फूटभर उंचवटा करूनच लावा. टेकूसाठी बुंध्याला गोणपाट गुंडाळून पट्ट्या बांधाव्यात. खिळा ठोकू देऊ नका, पामची जखम भरत नाही.

गॅरंटी वर्षाची, लेखी आणि पक्क्या बिलावर. रकमेचा तिसरा हिस्सा तीन नवी पानं पूर्ण उघडेपर्यंत हातचा ठेवा. झाड खरंच बॅगेत वाढलेलं असेल, तर या अटीला नर्सरीवाला फार खळखळ करत नाही.