पबमेड: दोन महिने वापरून माझ्याकडून ४ स्टार

एमएस्सी नर्सिंगच्या सिनॉप्सिसला (प्रबंधाच्या आराखड्याला) विषय घेतला शेतातला सर्पदंश, मॅडम म्हणाल्या लिटरेचर पबमेडवर बघ. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा वैद्यकीय संशोधन पेपरांचा डेटाबेस, १९९७ पासून सगळ्यांना फुकट, साडेतीन कोटींच्या वर नोंदी, लॉगिन पण नको. म्हटलं चला, काम झालं!

कसलं काय. गुगलची सवय, त्यामुळे पहिल्या रात्री अख्खं वाक्यच टाकलं, की महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना साप चावल्यावर दवाखान्यात पोचायला उशीर का होतो वगैरे, अर्थात इंग्रजीत, आणि हाती भोपळा. हे बाबा सगळ्या शब्दांच्या मधे गुपचूप अँड लावतं, म्हणजे जितके शब्द वाढवाल तितके पेपर गळणार. मग स्नेकबाइट, डिले, इंडिया एवढंच ठेवलं तर बरंच काही आलं. घोणस इंग्रजी स्पेलिंगने टाकून बघायचा येडेपणा पण केला 😅 तिथे रसेल्स व्हायपर किंवा दाबोइया (तिचं शास्त्रीय नाव) असंच म्हणावं लागतं, दोन्ही कंसात घालून मधे ऑर, म्हणजे दोनांपैकी काहीही चालेल, आणि तो ऑर कॅपिटलमध्येच हवा.

मला खरी आवडलेली गोष्ट म्हणजे हार्ट अटॅक टाकलं तर ते स्वतःहून मायोकार्डियल इन्फार्क्शन (त्याचंच वैद्यकीय नाव) पण शोधतं. पण तेच अवतरण चिन्हात टाकलं की ही मदत बंद, तुम्ही लिहिलंय तेवढंच बघणार. शब्दाच्या शेवटी स्टारचं चिन्ह (*) लावलं तरी तसंच. त्यामुळे रिझल्ट विचित्र दिसले की अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन हिस्टरीतले डिटेल्स उघडा, तुमच्या शब्दांचं त्याने नक्की काय केलं ते तिथे सगळं दिसतं. माझे निम्मे घोळ तिथेच सापडले.

आता क्रम. २०२० पासून डिफॉल्ट बेस्ट मॅच आहे, म्हणजे शब्द कुठे आणि किती वेळा आलेत, पेपर किती नवा, आधी लोकांनी कशावर क्लिक केलं असं बरंच बघून लावलेला. विषयाची तोंडओळख करायला एक नंबर, पहिल्या पानावर कामाचे सात-आठ मिळतात. पण मी त्या पहिल्या पानालाच सगळं लिटरेचर समजून बसले आणि मॅडमनी विचारलं, गेल्या वर्षीचं काही नाहीच का गं? मोस्ट रीसेंट केलं तेव्हा तिसराच पेपर नेमका माझ्या विषयावरचा! तेव्हापासून दोन्ही क्रमाने बघते.

एक स्टार कापला कारण बऱ्याचदा नुसता सारांश दिसतो आणि पूर्ण पेपर जर्नलच्या साइटवर पैसे मागतो, रात्री बाराला फार चिडचिड होते. डावीकडे फ्री फुल टेक्स्टची टिक आहे, पण ती सुरुवातीलाच लावू नका, चांगले पेपर नजरेआड होतात आणि कधीकधी कॉलेजच्या लायब्ररीतून तेच मिळतात.