गनमन सेवा, वर्षभर वापरून: पाचपैकी अडीच

पुण्यात सिंहगड रस्त्यावर, वडगावला आमची छोटी सराफी पेढी आहे. साडेचारशे चौरस फूट, सहा माणसं, दुपारी दीड ते चार बंद. (हसू नका. जेवून झोपलेला सराफ वजनात चुकत नाही.) २०२४च्या जूनमध्ये, लोकसभेची धामधूम उरकल्यावर, आम्ही एका सिक्युरिटी एजन्सीकडून गनमन घेतला. कोयत्यांच्या बातम्या वाचून घरातून रोज टुमणं सुरू होतं आणि व्यापारी मित्रांच्या चहाला बसलं की जो तो विचारायचा, ‘अजून ठेवला नाहीत?’ म्हटलं, ठेवू. एजन्सीचं नाव लिहीत नाही. चार दुकानदारांशी बोलल्यावर कळलं की नाव बदललं तरी करारपत्र तेच असतं.

दर महिना ३१,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६,५८०. बारा तासांची ड्यूटी. दुपारच्या अडीच तासांचे पैसे कापा म्हटलं, तर समोरचा मॅनेजर माझ्याकडे असा बघत राहिला की मीच विषय सोडला.

पहिला माणूस आला तो तिशीतला, मिशीला पीळ, खांद्यावर दुनळी. परवान्याची झेरॉक्स दाखवली. मी मूळ परवाना मागितला. तो तिसऱ्या दिवशी आला आणि त्यावर क्षेत्र लिहिलेलं होतं परराज्याचं. म्हणजे हा माणूस ती बंदूक घेऊन महाराष्ट्रात उभा राहिला, तर पहिला गुन्हा चोराचा नाही, आमच्याच दारात आमचाच. एजन्सीचं उत्तर: ‘साहेब, कोण बघतंय?’ मी बघतोय की! परत पाठवला. तुम्ही घेणार असाल तर मूळ परवाना, त्यावरचा यूआयएन नंबर (परवानाधारकाचा वेगळा ओळख क्रमांक), क्षेत्र आणि मुदत स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एजन्सीचा स्वतःचा परवानाही मागा. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५चा वेगळा कायदा आहे. आमच्या एजन्सीने आपला परवाना तीन आठवड्यांनी का होईना दाखवला, आणि चालू मुदतीचा होता. अर्धा तारा त्याचा.

मग मामा आले. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त, मूळचे अपशिंगे मिलिटरीचे, सातारा. बंदूक बारा बोअरची, परवाना त्यांच्या स्वतःच्या नावावर, महाराष्ट्रभर चालणारा. सोबत पाच काडतुसं. बुडाशी के.एफ. कोरलेलं. के.एफ. म्हणजे किरकी फॅक्टरी, आपली खडकीची. खडकीत बनलेलं काडतूस कुठून कुठून फिरून वडगावात येऊन पोचलं होतं.

परवाना मामांचा म्हणजे बंदूक मामांची. ती मी सांभाळायला घेऊ शकत नाही, दुकानातला दुसरा कुणी घेऊ शकत नाही. मामा जेवायला गेले की बंदूकही जेवायला जाते. मामा मागच्या बोळातल्या संडासाला गेले की तीही जाते. एजन्सीचा सुपरवायझर म्हणाला, रात्री तुमच्या तिजोरीत ठेवा ना, सोपं पडेल. वकिलांना फोन केला, ते फोनवरच ओरडले. मग मामा ती रिकामी करून रेक्झिनच्या लांब कव्हरात घालून धायरीला चालत न्यायचे. त्यांच्या चाळीतल्या पोरांना बरेच दिवस वाटायचं, मामा भजनाला वीणा घेऊन जातात.

मी एक दोनशे पानी वही घातली. सकाळी काडतुसं मोजायची, संध्याकाळी मोजायची, दोघांच्या सह्या. मॅनेजर म्हणाला, असं कुणीच करत नाही. आम्ही अर्ध्या ग्रॅमचा मणी रोज मोजतो, काडतूस काय सोडणार?

आठवडाभराने विचारलं, मामा, शेवटचा बार कधी काढलात? म्हणाले, ‘पेन्शनीत आल्यापास्नं एकदाबी न्हाई.’ जाहिरातीत मात्र ‘नियमित सराव असलेले सशस्त्र रक्षक’. सरावाचा दाखला मागितला तर एजन्सीने लॅमिनेट केलेला एक फोटो पाठवला. त्यात दहा माणसं रांगेत उभी, मामा नाहीतच. वर मामांनी दुकान निरखून सांगितलं, ‘मालक, हितं बार काढला तर चोराआधी काचा जातील. भिंतीला लागून छर्रं कुठं जातील ते मला बी ठाव न्हाई. आन् तुमी काउंटरमागं.’ एवढं खरं बोलणारा माणूस ३६,५८०मध्ये मिळाला, हे मी नफ्यात धरतो.

करारपत्रातलं चौदावं कलम मी दुसऱ्या वाचनात पाहिलं: गनमनने शस्त्र चालवल्यास होणाऱ्या सर्व परिणामांची जबाबदारी ग्राहकाची. म्हणजे माणूस त्यांचा, बंदूक माणसाची, कोर्ट माझं. खोडा म्हटलं, तर ‘स्टँडर्ड फॉरमॅट’. वकिलांनी समजावलं की स्वसंरक्षणाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे. जबरी चोरीत तो बराच लांबपर्यंत जातो, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा कुठेच नाही. ती गरज नेमकी किती, हे मामांनी दोन-तीन सेकंदांत ठरवायचं आणि कोर्टाने पुढे सावकाश. मामांसाठी मी सूचनांचा कागद लिहायला घेतला होता. तीन ओळींनंतर फाडला. शेवटी एवढंच सांगितलं: पळणाऱ्याच्या मागे जायचं नाही, सोनं गेलं तर जाऊ दे, विमा आहे.

आता दिवाळी. १५ ऑक्टोबर २०२४ला विधानसभेची आचारसंहिता लागली. निवडणुकीत परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. मामांना नोटीस आली, २२ तारखेला बंदूक जमा. धनत्रयोदशी २९ला! वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी, नाणी घ्यायला बाहेर फुटपाथपर्यंत रांग, आणि आमचा सशस्त्र रक्षक वेताची काठी घेऊन दारात. बंदूक परत आली २९ नोव्हेंबरला. बिल मात्र पूर्ण गनमनचं. काठीवाल्या रक्षकाचा दर वेगळा असतो हे त्यांच्याच दरपत्रकात छापलंय. अकरा ईमेल झाल्या, फरकाची रक्कम अजून यायची आहे. पूर्ण एक तारा इथे गेला. करारात निवडणुकीचं कलम घालून घ्या, आपल्याकडे निवडणुका काय, येतच राहतात.

या सगळ्यात दुसरं प्रकरण घरातच पेटलं. आमच्या सेल्समनकडे स्वतःचा परवाना आहे, .३२चं रिव्हॉल्व्हर. गावाकडे जमीनजुमला, भाऊबंदकी, त्यातून घेतलेलं. तो म्हणाला, मी कमरेला लावून येतो, तुम्हाला फुकटात दुसरा गनमन. मी नाही म्हणालो आणि स्टाफच्या खोलीच्या दारावर पाटी लावली: ‘कर्मचाऱ्यांनी स्वतःचे शस्त्र दुकानात आणू नये. परवाना असला तरी. मालकांनाही लागू.’ शेवटची ओळ बायकोने घालायला लावली.

तो रुसला. ह्यूस्टनला असलेला माझा भाचा नेमका तेव्हा आला होता, त्याने आगीत तेल ओतलं. म्हणे टेक्सासात २०११ पासून कायदा आहे: काही अपवाद सोडले तर नोकराने कायदेशीर बंदूक स्वतःच्या कुलूपबंद गाडीत ठेवून गाडी कंपनीच्या पार्किंगात लावली, तर मालकाला मनाई करता येत नाही. दाराच्या आत मात्र मालकाचा शब्द. या भांडणाची सुरुवात ओक्लाहोमातली. २००२ साली तिथल्या एका कागद कारखान्याने गाड्या तपासून बंदुका ठेवणाऱ्या कामगारांना काढलं आणि २००४मध्ये त्यांच्या बाजूने कायदा आला. सेल्समनचे डोळे चमकले. मी म्हटलं, बाळा, तुझी गाडी म्हणजे अ‍ॅक्टिव्हा आणि आपलं पार्किंग म्हणजे पी-वन पी-टूची गल्ली. तारीख चुकली की टोइंगवाले उचलून नेतात. डिकीत रिव्हॉल्व्हर असलेली अ‍ॅक्टिव्हा सोडवायला चौकीत कोण जाणार, तू की मी?

सगळे हसले, तो हसला नाही. मामा बाहेर गेल्यावर म्हणाला, ‘दुकानात मामा आहेत, काच आहे, कॅमेरे आहेत. हॉलमार्किंगला माल घेऊन मी जातो. तिथे माझं कोण?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय, म्हणजे हॉलमार्कसोबत कोरलेल्या ओळख क्रमांकाशिवाय, काही अपवाद सोडले तर सोन्याचा दागिना विकता येत नाही, त्यामुळे माल सतत हॉलमार्किंग सेंटरला जातो-येतो. आधी कारागिराकडून थेट दुकानात यायचं तेही आता फिरून येतं. आठवड्यातून चारदा हा मुलगा पाठीवर सॅक टाकून संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये, आणि मी ३६,५८० खर्च करतोय ते माझ्या खुर्चीसमोर उभं राहायला. पाटी काढली नाही. रिव्हॉल्व्हर घेऊन सिग्नलला कुणी अडवलं आणि याने काढलं तर पुढचं मला दिसतं. पण नेआण सकाळची केली, दोघं जातात, वेळ रोज बदलते, सॅकऐवजी डब्याची पिशवी. त्याला पटलंय असं नाही. नोकरी सोडलेली नाही, इतकंच.

वर्षभरात प्रसंग म्हणावा असा एकच. जानेवारीत शटर अर्धं खाली असताना दोन पोरं हेल्मेट घालूनच आत शिरली. मामा स्टुलावरून उठलेही नाहीत. म्हणाले, ‘पोरांनो, हेल्मेट काढा, मालकांस्नी तोंड दिसूं द्या.’ पोरं एकमेकांकडे बघून ‘थुशी बघायची होती’ म्हणाली आणि वळून निघून गेली. नंबरप्लेटवर चिखल. जानेवारीत. बंदूक मामांच्या खांद्यावरच होती, तिला हात गेला नव्हता. ती पोरं कोण होती ते आजवर कळलेलं नाही. खरंच थुशी बघायला आली असतील तर या, दोन नवीन डिझाइन आलीत.

जूनमध्ये नूतनीकरणाला मी एजन्सीला म्हटलं, बंदूक नको, मामा द्या, काठीच्या दराने. ते म्हणाले, मामा गनमन कॅटेगरीत आहेत, सुटे मिळत नाहीत. त्यांनी पाठवलेला नवा माणूस चोवीस वर्षांचा आहे, दिवसभर मोबाइल बघतो, आत येणाऱ्या प्रत्येकाला ‘वेलकम सर’ म्हणतो, बायकांनाही.

मामांना पाच, एजन्सीला दीड, काडतुसांना तारे देता येत नाहीत. सगळा विचार करून अडीच लिहिलेत, भांडायचं असेल तर दुपारी चारनंतर या. वही अजून गल्ल्यात आहे. शेवटच्या पानावर मामांचं अक्षर: ‘काडतुसे ५. वापरली ०. घेऊन चाललो ५.’ खाली सही, आणि तिच्यापुढे त्यांनी स्वतःहून लिहिलंय, ‘चहाचे २० रु. देणे.’