एकशिंगी प्राण्याची शरीररचना : नारायण पेठेतील एका चित्रकार्यशाळेविषयी

युनिकॉर्न काढायला शिकवणाऱ्या वर्गांमध्ये बहुधा पांढरा घोडा, कपाळावर पिळाचे शिंग आणि पाठीमागे इंद्रधनुष्य एवढ्यावरच भागवले जाते. पुण्याच्या नारायण पेठेत एका जुन्या वाड्याच्या माडीवर भरणाऱ्या चित्रशाळेने शनिवार-रविवारी घेतलेली कार्यशाळा मात्र वेगळ्या प्रश्नापासून सुरू होते. हा प्राणी खरोखरच असता, तर त्याची कवटी, मान आणि खूर कसे असावे लागले असते? शिकवणाऱ्या बाई मूळच्या पशुवैद्यक असून पुढे चित्रकलेकडे वळलेल्या आहेत, आणि त्यांचे दोन्ही विषयांवरील प्रभुत्व शिकवताना पदोपदी जाणवते.

पहिल्या दिवशी सकाळी पेन्सिल हातात घ्यायला मिळतच नाही. त्याऐवजी बोकडाची स्वच्छ केलेली कवटी सर्वांच्या हातांतून फिरते. शिंग धरून किंचित पिरगाळून ओढले, की बाहेरची काळपट खोळ निघून हातात येते आणि आत कवटीलाच जोडलेला, बारीक छिद्रांचा हाडाचा गाभा दिसतो. खोळ केराटिनची, म्हणजे आपली नखे ज्या द्रव्याची असतात त्याचीच. कवटीवरून बोट फिरवले, तर दोन्ही शिंगांच्या मधोमध कपाळाच्या उजव्या आणि डाव्या हाडांना सांधणारी नागमोडी शिवण लागते. चित्रकार युनिकॉर्नचे शिंग नेमके या शिवणीवर रोवतात, आणि खरी अडचण तिथेच आहे, कारण गाय, शेळी, काळवीट या सर्वांची शिंगे शिवणीच्या दोन बाजूंना, एकेका हाडावर उगवतात.

या अडचणीवर बाईंनी सांगितलेला प्रयोग मला या कार्यशाळेतला सर्वांत मोलाचा भाग वाटला. अमेरिकेतील मेन विद्यापीठात फ्रँकलिन डोव्ह यांनी १९३३ साली एका नवजात वासराच्या शिंगांचे दोन्ही अंकुर मूळ जागेवरून हलवून कपाळाच्या मध्यभागी शेजारी-शेजारी बसवले. वासरू जन्मते तेव्हा हे अंकुर कातडीत असतात, कवटीशी जोडले गेलेले नसतात, आणि म्हणूनच ते नव्या जागी रुजले. वाढताना दोन्ही एकजीव झाले आणि त्या बैलाला कपाळाच्या मधोमध एकच भक्कम शिंग आले. निसर्गात एकशिंगी जात का निर्माण झाली नाही, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. परंतु तसे शिंग कवटीवर टिकू शकते, एवढे चित्रकाराला पुरेसे आहे.

यानंतर प्रत्येकाला एक निर्णय घ्यावा लागतो आणि पुढचे सारे रेखाटन त्याला बांधलेले राहते. हाडाचा गाभा असलेली शिंगे आज सस्तन प्राण्यांत फक्त समखुरी, दुभंगलेल्या खुरांच्या प्राण्यांमध्ये आढळतात. घोडा विषमखुरी गटातला, आणि त्या गटात शिंग आहे ते एकट्या गेंड्याला. तेही संपूर्ण केराटिनचे, आत हाड नसलेले, केवळ खडबडीत हाडावर टेकलेले. म्हणजे ज्याला घोड्याचे शरीर हवे, त्याने गेंड्याच्या जातीचे, मुळाशी रुंद आणि टोकाकडे निमुळते शिंग स्वीकारावे. ज्याला काळविटासारखा डौलदार पीळ हवा, त्याने दुभंगलेले खूर आणि रवंथ करणाऱ्या प्राण्याचा जबडाही काढावा. पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयातल्या, सुमारे १५०० सालच्या प्रसिद्ध भित्तिपटांवरील युनिकॉर्नला बोकडाची दाढी आणि दुभंगलेले खूर आहेत. त्या विणकरांचा प्राणी आजच्या खेळण्यांतल्या घोड्यापेक्षा शरीरशास्त्राच्या दृष्टीने कितीतरी सुसंगत ठरतो, हे या निकषावर चटकन लक्षात येते. त्यांनी काढलेले लांब, सरळ, पिळाचे शिंग मात्र मुळात शिंगच नव्हे. युरोपात युनिकॉर्नचे शिंग म्हणून विकला जाणारा तो नारव्हाल या उत्तरेकडच्या समुद्रातील प्राण्याचा दात होता, आणि डेन्मार्कचे वैद्य ओले वर्म यांनी १६३८ साली ते दाखवून दिले. कपाळातून दात उगवण्याची शक्यता नाही, म्हणून बाईंनी तो नारव्हालचा पीळ सर्वांच्या कागदांवरून निर्धाराने पुसायला लावला.

दुपारचे सत्र मान आणि तोल यांना दिलेले होते, आणि इथे वेळ कसा गेला हे कळले नाही. डोक्याच्या पुढे लांबवर वजन आले, की ते पेलण्यासाठी मानेचा वरचा स्नायुबंध जाड हवा आणि खांद्यावरच्या मणक्यांचे काटे उंच हवेत. गव्याच्या पाठीवर जो उंचवटा दिसतो, त्याच्यामागेही असेच उंच काटे असतात. सडपातळ, हंसासारख्या मानेचा युनिकॉर्न म्हणूनच खोटा वाटतो. शिंगाच्या कोनाचा विचार तर मी यापूर्वी कोणत्याही वर्गात ऐकला नव्हता. शिंग चेहऱ्याच्या रेषेतच खाली झुकलेले काढले, तर चरायला मान घालताच त्याचे टोक जमिनीत रुतेल. ते कपाळाला जवळजवळ काटकोनात असेल, तर चरताना समोर आडवे राहील. शिवाय घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे कपाळाच्या अगदी पुढचा भाग त्याला दिसत नाही, म्हणजे या प्राण्याला स्वतःच्या शिंगाचे मूळ कधीच दिसणार नाही. झुंजीतही फरक पडेल. दोन शिंगांचे नर शिंगांत शिंगे अडकवून एकमेकांना रेटतात. एका शिंगाला असे अडकता येत नाही, ते फक्त खुपसता येते. असा प्राणी भांडण टाळण्यासाठी दुरूनच शिंग दाखवणारा असेल, हा बाईंचा तर्क मला पटला, आणि त्यामुळे माझ्या चित्रातल्या प्राण्याची उभे राहण्याची ढबच बदलली.

दुसऱ्या दिवसाचे पूर्वार्धातले सत्र, म्हणजे इतिहासाचे, मला तोकडे वाटले. इ.स.पू. सुमारे ४०० मध्ये लिहिणाऱ्या क्टेसियस या ग्रीक वैद्याने भारतातल्या रानगाढवांना एक शिंग असल्याचे म्हटले होते, म्हणजे युरोपच्या या कल्पनेचा एक धागा थेट आपल्या देशाकडे येतो. त्याचा उल्लेख ओझरताच झाला. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील एकशिंगी पशू तर ‘बाजूने काढलेला बैल’ असे म्हणून दहा मिनिटांत आटोपला. हे मत प्रचलित असले, तरी त्याच संस्कृतीतील मातीच्या घडीव आकृत्यांमध्येही एकशिंगी प्राणी सापडले आहेत, आणि घडीव आकृतीत दुसरे शिंग आड दडण्याचा प्रश्नच येत नाही. ज्या कार्यशाळेचा पायाच काटेकोर निरीक्षण हा आहे, तिने आपल्याकडच्या या पशूला इतके घाईने निकालात काढू नये.

रंगकामाच्या सत्रातही हेच राहून गेले. सर्वांचे प्राणी पांढरेशुभ्रच रंगले, आणि तो प्राणी कोणत्या भूमीवर चरतो हे कुणी विचारले नाही. जिल्ह्यातल्याच सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा पाहिला, की वरून भुरा आणि पोटाकडे पांढरा असा रंग त्याला माळावर कसा विरघळवून टाकतो ते समजते. दख्खनच्या उघड्या माळावर पांढराशुभ्र प्राणी लांडग्यांच्या नजरेतून सुटणार नाही. हा एक प्रश्न विचारला गेला असता, तर चित्रांची पार्श्वभूमी आणि प्राणी एकमेकांपासून इतके तुटलेले दिसले नसते.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगायचे, तर शुल्क माफक आहे आणि कार्ट्रिज पेपर व चारकोल तिथेच मिळतो. ड्रॉइंग बोर्ड मात्र स्वतःचा न्यावा, कारण तिथले बोर्ड कडांना फुगलेले आहेत. जिना अरुंद आणि चढा आहे, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांनी आधी विचार करावा. माडीवर दुपारनंतर उजेड कमी पडतो आणि रंगकाम नेमके त्याच वेळी ठेवलेले आहे. आयोजकांनी सत्रांची अदलाबदल करावी, असे मी त्यांना लेखी कळवले आहे. रेखाटनाची थोडीफार सवय असलेल्यांनी ही कार्यशाळा अवश्य करावी. लहान मुलांना मात्र पहिली सकाळ जड जाईल. जागा मोजक्या असतात, त्यामुळे नाव आधीच नोंदवावे, आणि कवटी हाताळायला जास्त वेळ मिळावा म्हणून पहिल्या दिवशी थोडे लवकर पोहोचावे.