चादरीसाठी घेतलेला कॅमेरा: मिडियम फॉरमॅटचे अकरा महिने

गेल्या श्रावणात मी मिडियम फॉरमॅट डिजिटल कॅमेरा घेतला, म्हणजे फुलफ्रेमपेक्षा (३६ × २४ मिमी) मोठ्या सेन्सरचा. सेकंडहँड, मुंबईच्या एका फोटोग्राफरकडून. बॉडी, एक नॉर्मल लेन्स आणि १२० मिमीची मॅक्रो लेन्स मिळून जे पैसे गेले, त्यात एक बरी जुनी कार आली असती. हे वाक्य माझं नाही, घरच्यांचं आहे. आठवड्यातून एकदा तरी ऐकतो.

मॉडेल कुठलं यावर वाद नको म्हणून ते सांगत नाही. आत सोनीचा ५१ मेगापिक्सेलचा, ४३.८ × ३२.९ मिमीचा सेन्सर आहे. २०१४ च्या पेंटॅक्स ६४५झेडमध्ये, २०१६ च्या हॅसलब्लाड एक्स१डीमध्ये आणि २०१७ च्या फुजीफिल्म जीएफएक्स ५०एसमध्ये याच घराण्यातला सेन्सर होता. माझा मिररलेस आहे, एवढं पुरे. पुढचं बरंचसं या साइजच्या कुठल्याही कॅमेऱ्याला कमी-जास्त लागू पडेल.

आमचा स्टुडिओ वडिलांच्या काळापासून सोलापुरात. निम्मं काम लग्नाचं, निम्मं चादर-टॉवेलच्या कॅटलॉगचं. वडिलांनी उमेदीची वर्षं यशिका टीएलआरवर (दोन लेन्सचा फिल्म कॅमेरा) काढली. १२० ची फिल्म, रोलला बारा फोटो. त्यामुळे ‘मिडियम फॉरमॅट’ ऐकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “सहा बाय सहा का?” (सेंटिमीटरमध्ये.) मी म्हटलं, नाही, ४४ बाय ३३ मिलिमीटर. “मग मिडियम कसला?” त्यांचं बरोबर आहे. फिल्मच्या ६४५ ची, म्हणजे सहा बाय साडेचार सेंटिमीटरची म्हणतात ती, फ्रेम साधारण ५६ × ४१.५ मिमीची, आपली तिच्या जेमतेम ६२ टक्के. फुलफ्रेमच्या मानाने क्षेत्रफळ १.७ पट आहे, म्हणजे प्रकाशाचा हिशेब केला तर पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवरून फुलफ्रेमवर गेलात तेव्हा सव्वादोन पटींहून मोठी उडी होती. ही उडी छोटी आणि पैसे मोठे, हे घेण्याआधी कुणीतरी मला पाटीवर लिहून द्यायला हवं होतं.

आणि ज्याला ‘मिडियम फॉरमॅट लुक’ म्हणतात, त्याच्या मागे लागून घेणार असाल तर थांबा. ११० मिमी एफ/२ ही या फॉरमॅटची पोर्ट्रेटसाठी गाजलेली लेन्स. फुलफ्रेमशी तुलना करायला ०.७९ ने गुणा. फुलफ्रेमवर ती ८७ मिमी एफ/१.६ च्या आसपास बसते. ८५ एफ/१.४ तर निम्म्या लग्नवाल्यांच्या बॅगेत आधीच आहे. बॅकग्राउंड उडवायला एवढा खर्च करायची गरज नाही.

मग मी का घेतला? चादरीसाठी.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. घरात तेलुगू, धंद्यात मराठी, चिडले की दोन्ही. निर्यातीच्या कॅटलॉगसाठी त्यांना पूर्ण चादरीचा फोटो हवा असतो आणि त्याच फाइलमधून डिझाइनचा तुकडा मोठा करून छापायचा असतो. माझ्या २४ मेगापिक्सेलवर तुकडा काढला की जेकार्डचं, म्हणजे विणीतच काढलेलं, फूल मऊ पडायचं. नव्या कॅमेऱ्यावर पहिल्या दिवशी गडद लाल चादर भिंतीवर ताणून लावली, कॅमेरा अकरा फुटांवर ट्रायपॉडवर, दोन्ही बाजूंनी सॉफ्टबॉक्स, एफ/८. स्क्रीनवर शंभर टक्क्यांवर पाहिलं आणि मी खरंच खुर्ची पुढे ओढली. फुलाची कड कुठे वळते, कुठला धागा वर आणि कुठला खाली, सगळं मोजता येत होतं. सावलीतल्या घडीत लालचा काळा झाला नव्हता.

मग टॉवेल आणि बारीक चौकडीच्या चादरी आल्या.

“काय बे हे, चौकडीवर इंद्रधनुष्य कुठनं आलं?” अण्णा स्क्रीनकडे बोट करून म्हणाले. हिरव्या-जांभळ्या लाटा. याला मॉयरे म्हणतात आणि कापडाचं काम करणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं. या कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे लो-पास फिल्टर, म्हणजे बारीक तपशील किंचित मऊ करणारी काच, नसते. म्हणूनच ते एवढे शार्प, आणि म्हणूनच धाग्यांची जाळी व पिक्सेलची जाळी एकमेकांवर आली की लाटा उठतात. हिशेब साधा आहे. ९० इंचांची चादर फ्रेमच्या लांबीत बसवली, तर ८२५६ पिक्सेल भागिले ९०, म्हणजे इंचाला ९२ पिक्सेल. इंचात ४० धागे धरले तर एका धाग्याला २.३ पिक्सेल. दोनच्या खाली गेलं की सेन्सरला धागा नीट पकडता येत नाही, आणि आपण त्या उंबरठ्यावरच उभे. २४ मेगापिक्सेलवर हाच आकडा १.७ येतो. तिथे मॉयरे नव्हता असं नाही, फिल्टरने आणि मऊपणाने झाकला जात होता.

यावर माझे उपाय. कॅमेरा अर्धा फूट मागे-पुढे करणं, नशीब असेल तर तेवढ्याने लाटा जातात. नाहीतर लेन्सचं छिद्र बारीक करून एफ/१६. डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने, फोटो किंचित मऊ होतो आणि लाटा बसतात. म्हणजे शार्पनेससाठी पैसे मोजायचे आणि मग तो शार्पनेस आपणच बोथट करायचा. उरलेलं लाइटरूमच्या मॉयरे ब्रशने. शेवटी मी पूर्ण चादर दोन भागांत काढून जोडायला लागलो. त्यात पिक्सेल दुप्पट मिळतात, वेळही दुप्पट जातो.

एफ/१६ वर अजून एक पाहुणा दिसायला लागतो. कारखान्यात लेन्स बदललीत की सुताचे बारीक तंतू सेन्सरवर जाऊन बसतात. एफ/५.६ वर दिसत नाहीत, एफ/१६ वर प्रत्येक फोटोत त्याच जागी केस पडल्यासारखे. फुलफ्रेमचा स्वॅब (सेन्सर पुसायची काडी) २४ मिमी रुंद आणि आपला सेन्सर ३३ मिमी उंच, त्यामुळे एका फटक्यात पुसलं जात नाही आणि मधे पट्टा राहतो. एकदा साफ करायला बाहेर पाठवला, तेवीस दिवसांनी आला. तेव्हापासून कारखान्यात लेन्स बदलायची नाही, हा नियम. सुरू असलेल्या लूमजवळ तर बॅगही उघडत नाही.

लग्नाचं थोडक्यात सांगतो, कारण आठवायला आवडत नाही. तुळशीच्या लग्नानंतरचा पहिलाच मुहूर्त, होटगी रोडचं कार्यालय, आणि मला हौस. कॉन्ट्रास्टवर चालणारा ऑटोफोकस, आतला पिवळा उजेड. अंतरपाट खाली आला, लेन्स पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली आणि तेवढ्यात हार घालून झाले. भाच्याने जुन्या फुलफ्रेमवर तोच क्षण घेतला म्हणून इज्जत वाचली. चूक मात्र माझीच, बैलगाडी घेऊन शर्यतीला गेलो होतो. नंतरच्या पिढीत, म्हणजे १०२ मेगापिक्सेलच्या जीएफएक्स १०० पासून, फेज डिटेक्शन, म्हणजे फोकस कुठे न्यायचा ते थेट ओळखणारी पद्धत, आलं आहे आणि फरक मोठा आहे. तरीही लग्नाच्या बॅगेत मी तो ठेवणार नाही.

फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात वेगवान शटर, १/१२५ सेकंद. स्टुडिओत काही अडत नाही. दुपारी बारा वाजता भुईकोट किल्ल्यात टॉवेलच्या जाहिरातीसाठी मॉडेल उभी केली तेव्हा प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. हॅसलब्लाडच्या एक्ससीडी लेन्समध्ये शटर लेन्सच्या आतच असतं, तिथे ही अडचण नाही. त्या लेन्सच्या किमती पाहिल्या आणि एनडी फिल्टर परवडला.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मात्र कॅमेऱ्याने मला गप्प केलं. संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत (बंदांचा अंगरखा), डोक्यावर जानेवारीचं लख्ख ऊन, आणि उन्हाने रापलेले चेहरे. पांढऱ्यावर एक्स्पोज केलं तर चेहरे काळे, चेहऱ्यावर केलं तर बाराबंदी धुतल्यासारखी सपाट. मी आयएसओ १०० वर पांढरा सांभाळून काढत गेलो आणि घरी येऊन सावल्या तीन स्टॉप उचलल्या. चेहऱ्यांवर ना दाणे, ना हिरवट झाक, आणि बाराबंदीच्या बंदांच्या गाठीसुद्धा शाबूत. तो फोटो तीन फुटी छापून स्टुडिओत लावलाय. लोक जवळ जाऊन त्यात ओळखीचे चेहरे शोधतात. एक सावधगिरी सांगतो. गर्दीत आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावू नका. हा सेन्सर ओळीओळीने पूर्ण वाचायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. “एकदा भक्तलिंग हर्र” म्हणत चाललेला सरळसोट नंदीध्वज, म्हणजे यात्रेतली उंच काठी, माझ्या दोन फोटोंत उसासारखा वाकलाय.

फाइलचं बोलायलाच हवं. न दाबलेली रॉ फाइल शंभर एमबीच्या पुढे, लॉसलेसने, म्हणजे काही न गमावता दाबून, निम्म्यावर येते, तेच वापरा. फोटोशॉपमध्ये १६ बिटवर उघडली की एकच लेयर तीनशे एमबी. दिवाळीआधी चादरींची घाई असते, तेव्हा दिवसाला साठ नग निघतात. माझा १६ जीबीचा लॅपटॉप दुसऱ्या दिवशीच मान टाकायला लागला. रॅम आणि दोन हार्डडिस्क हा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीत धरूनच चाला. मे महिन्यात ४२-४३ अंशांत पत्र्याच्या गोडाऊनमध्ये काम करताना मीच आधी तापतो, कॅमेरा आपला चालू असतो. बॅटऱ्या तीन लागतात.

रंगाबद्दल लोक फार बोलतात. माझा अनुभव, शेड जुळते ती कलर चेकर (ठरलेल्या रंगांची पट्टी) आणि चांगल्या लाइटमुळे. सेन्सर मोठा म्हणून लाल आपोआप अण्णांचा लाल होत नाही.

लेन्सची एक युक्ती सांगतो. मामिया ६४५ ची जुनी ८० मिमी एफ/२.८, अॅडॉप्टर लावून. फोकस हाताने, पण चादर कुठे पळतेय? कडेपर्यंत स्वच्छ, आणि किंमत नव्या लेन्सच्या पासंगालाही नाही. फुलफ्रेमच्या लेन्स लावून पाहिल्या, बहुतेकींचे कोपरे काळे होतात.

गेल्या महिन्यात अण्णा नवीन डिझाइनचे फोटो बघायला आले. खिशातून पिक ग्लास, म्हणजे धागे मोजायचं भिंग, काढून त्यांनी चक्क स्क्रीनवर ठेवली. मी हसलो. ते हसले नाहीत. बॉर्डरपाशी थांबून म्हणाले, “इथं एक पीक गेलाय.” खरंच, एक आडवा धागा नव्हता. मी सवयीने म्हटलं, “क्लोन करून टाकतो, दोन मिनिटांचं काम.” त्यांनी कारखान्यात फोन लावला, तेलुगूत दोन वाक्यं बोलले, तो लूम थांबवला आणि मग मला म्हणाले, “फोटोतनं काढून काय करतो बे?”

आता ते शंभर मेगापिक्सेलचं विचारतात. ११,६४८ पिक्सेलमध्ये तीच चादर धाग्याला ३.२ पिक्सेलवर येते. एका फोटोत काम होईल, जोडाजोड वाचेल, मॉयरेही बराच जाईल. हिशेब पटतो. घरी अजून बोललो नाही. आधी लॅपटॉप.