वजनकाटा: किलो चोख, बाकी अंदाजपंचे

पाचपैकी तीन तारे देतेय. तिन्ही किलोचे. चरबी, स्नायू, 'शरीराचं वय' असे जे डझनभर आकडे फोनवर येतात, त्यांच्या नावानं शून्य.

ठाण्याला नौपाड्यात माझं पोळीभाजी केंद्र आहे, बावीस वर्षं झाली. दुकानातल्या काट्यावर दरवर्षी वैधमापनवाल्यांचा शिक्का घ्यावा लागतो, त्यामुळे नवा काटा दिसला की माझा हात शिवशिवतो. खोका उघडल्या उघडल्या न फोडलेली दहा किलो आट्याची पिशवी ठेवली. १०.१. पिशवीचं वजन धरून बरोबर. दोन ठेवल्या, २०.१. मग सतरंजीवर ठेवून बघितला, तर तीच पिशवी साडेनऊ किलोची झाली! तेव्हा काटा टणक लादीवरच ठेवा. किंमत १,७९९ रुपये, ऑनलाइन मागवला, सेल आत येतात.

हा काटा मी लग्नसराईत बारीक दिसायला घेतलेला नाही. पाळी जाऊन सात वर्षं झाल्यावर मला पुन्हा डाग दिसायला लागले. उष्णता असेल म्हणून चार महिने सब्जा पीत बसले. शहाणपणा! सोनोग्राफी, मग तुकडा तपासणी, आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग. नशीब, पहिली पायरी. तेव्हा माझं वजन ९१ किलो, उंची १५४ सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३८.४. आपल्याकडे २५ लाच लठ्ठ म्हणतात.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. पाळी गेल्यावर अंडाशयं थंडावतात, पण चरबी थंडावत नाही. तिच्यात एक विकर (एन्झाइम) असतं, ते शरीरातल्या दुसऱ्या संप्रेरकांचं (हार्मोन्सचं) इस्ट्रोजेन करत राहतं. त्याला आवरणारं प्रोजेस्टेरॉन आता नसतं, मग अस्तर वाढतच जातं. म्हणजे मी ज्याला सुखवस्तूपणा म्हणत होते, तो आत कारखाना चालवत होता. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं जास्तीच्या चरबीशी १३ कर्करोगांचं नातं सांगितलं, त्यात गर्भाशयाचं अस्तर आहे आणि अंडाशयही. मुलीनं २००३ चा अमेरिकेतला नऊ लाख माणसांचा अभ्यास वाचून दाखवला: बीएमआय ४० च्या वर गेलेल्या बायकांत गर्भाशयाच्या कर्करोगानं मरण्याचं प्रमाण नेमक्या वजनाच्या बायकांच्या सहापटीहून जास्त. मी ३८.४ वर होते. त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि माझ्याबाबतीत ही मोठी बातमी आहे.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. भूलतज्ज्ञ आधीच म्हणाले होते, "ताई, टेबल डोक्याकडून खाली झुकवावं लागतं, पोटाचा सगळा भार छातीवर येतो, श्वास द्यायला आम्हाला कसरत होते." झालं सगळं नीट. पण शेवटच्या भेटीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते जास्त लागलं: लवकर सापडलेल्या या कर्करोगातून वाचलेल्या बायका पुढे बऱ्याचदा जातात त्या हृदयविकारानं. म्हणून काटा. माझ्यासाठी खाली जाणारा आकडा चांगला. आज ८४.६ आहे, आणि यात कचराळी तलावाच्या रोजच्या चार फेऱ्या आहेत.

आता या काट्याचं खरं पितळ कसं उघडं पडलं ते. आमच्या वन्सं नेरुळला असतात. मला बरं वाटायला लागलं तेवढ्यात त्यांना अंडाशयाचा कर्करोग निघाला. पोटात पाणी साठलेलं. केमोच्या दिवसांत त्या माझ्याकडे राहायला आल्या आणि मी कौतुकानं त्यांचंही नाव अ‍ॅपमध्ये घातलं. पहिल्या दिवशी ५८.३. त्यानंतर पोटातलं चार लिटर पाणी काढलं. दोन दिवसांनी काट्यावर चढल्या, ५४.१. फोनवर फटाके फुटले, रंगीत कागद उडाले आणि 'अभिनंदन! तुम्ही लक्ष्याच्या जवळ आहात' असं आलं. वन्संनी चष्मा वर करून वाचलं. म्हणाल्या, "सुधा, अगं याला सांग, माझं लक्ष्य कुठलं ते."

पाणी गेलं की खाली काय उरलंय ते दिसतं. हात काटकुळे, दंडाची कातडी लोंबलेली. पोट मोठं होतं म्हणून आम्हाला सगळ्यांना त्या 'भरलेल्या' वाटत होत्या. काटा पाणी, मांस, चरबी सगळं एकाच पारड्यात घालतो.

चरबीचा टक्का कसा निघतो तेही पाहिलं. काट्यावरच्या चार पट्ट्यांतून बारीकशी वीज एका पायातून वर जाऊन दुसऱ्यातून खाली येते. पाण्यातून सहज जाते, चरबीत अडखळते. त्यावरून, आणि आपण भरलेलं वय-उंची धरून, यंत्र हिशेब करतं. मी माझं वय ६१ चं ३१ केलं. त्याच मिनिटाला माझी चरबी घटली! पोटात किंवा पायात पाणी असलेल्या माणसाच्या बाबतीत तर हा हिशेब पार कोलमडतो. आणि पेसमेकर असलेल्यांनी यावर चढूच नये, हे खोक्यावर अगदी मुंगीएवढ्या अक्षरात आहे. म्हणून एक तारा कमी.

किलो मात्र उपयोगी पडले, तेही नको तिथे. केमोच्या एका डे-केअरमध्ये (नाव घेत नाही) वन्संच्या कागदावर पाणी काढायच्या आधीचंच वजन उतरवलेलं होतं. मी म्हटलं, वजन पुन्हा करा. बाई कंटाळल्या, पण केलं. काही औषधांचा डोस उंची-वजनावरून ठरतो, कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधाचा किडनीच्या कामावरून, आणि त्या सूत्रातही बहुतेक वेळा वजन लागतंच. गिऱ्हाइकाला पावशेर भाजी देताना मी काटा शून्यावर आणते, मग इथं का नको? उलट बाजूही आहे: वजनदार बायकांना 'झेपणार नाही' म्हणून डोस कापायची जुनी सवय होती. २०१२ साली अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं स्पष्ट सांगितलं की खऱ्या वजनावर पूर्ण डोस द्या, २०२१ मध्ये तेच पुन्हा सांगितलं.

आहारतज्ज्ञ मुलीनं आम्हाला शिंप्याची टेप घ्यायला लावली. कमरेचा घेर आणि दंडाचा घेर, आठवड्यातून एकदा, वहीत. वीस रुपयांची टेप, सेल लागत नाहीत. माझी कंबर ८० सेंटीमीटरच्या खाली यायला अजून बराच पल्ला आहे. वन्संना उलट: मुगाचं धिरडं, अंडं, दही, दर दोन तासांनी थोडं थोडं, कारण मांस झिजलं की केमो झेपत नाही.

मधल्या महिन्यांत त्या ४७.२ पर्यंत उतरल्या. गेल्या रविवारी ४७.६. आधी टेप लावली, पाणी पुन्हा भरत नाही ना म्हणून. पोटाचा घेर तोच, दंड अर्धा सेंटीमीटर वाढलेला. अ‍ॅपनं लाल बाण दाखवला आणि 'आज थोडं चाला' असा सल्ला दिला. वन्संनी माझ्या हातातून फोन घेतला, मला विचारत विचारत अ‍ॅप काढून टाकलं आणि दुसरं धिरडं मागितलं.