ग्रीसविझल व्ही-४: आबांच्या फ्लॉप्या उघडल्या

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचा छापखाना होता. आबा गेल्यावर माळ्यावरून फ्लॉप्यांचा डबा खाली काढला. साडेतीन इंची ४८, सव्वापाच इंची १४. प्रत्येकीवर आबांच्या बारीक अक्षरात गिऱ्हाइकाचं नाव. एकीवर फक्त ‘तालीम स्मरणिका, १९९७, अंतिम’.

आधी ऑनलाइन मिळतो तसला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. त्यावर जेमतेम अकरा उघडल्या. बाकीच्या घातल्या की ‘फॉरमॅट करायची का?’ असं विचारायचा. एकदा बोट एंटरवर गेलंच होतं, अजून आठवलं की अंगावर काटा येतो. तुम्हीही जुनी फ्लॉपी कुठंही घालण्याआधी कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिलं किंवा पुसलं जात नाही. सव्वापाच इंचीला उलटं, तिच्या कडेची खाच चिकटपट्टीनं बुजवायची.

मग ग्रीसविझल घेतला. जुन्या फ्लॉप्या वाचण्यासाठी केअर फ्रेझर यांनी तयार केलेला हा छोटा बोर्ड. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला जुन्या ड्राइव्हची ३४ पिनांची पट्टी. ड्राइव्ह भंगारातल्या कॉम्प्युटरमधून मिळाला. यूएसबीवाला ड्राइव्ह सेक्टर, म्हणजे तबकडीवरचा माहितीचा छोटा तुकडा, नीट मिळाला नाही की थेट हात वर करतो. हा बोर्ड तबकडीवरचे चुंबकीय बदल किती वेळानं येतात तेच टिपून कॉम्प्युटरकडे देतो आणि अर्थ तिथं लावला जातो. म्हणून एकच ट्रॅक (तबकडीवरची गोल पट्टी) पुन्हा पुन्हा फिरवून वाचता येतो.

स्मरणिकेच्या फ्लॉपीला ट्रॅक ६१ वर १८ पैकी १६ सेक्टर मिळाले. पत्र्याचं झाकण सरकवून बघितलं तर तबकडीवर पांढुरका डाग, आपल्याकडच्या पावसाळ्यातली बुरशी. ती तशीच फिरवली तर तबकडी खरवडली जाते आणि ड्राइव्हमधला वाचणारा हेडही घाण होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोन्ही हलक्या हातानं पुसलं, पूर्ण वाळू दिलं. दुसऱ्या वाचनात १८ पैकी १८. शेवटी ओळ आली, २८८० पैकी २८८० सेक्टर. मी खुर्चीवरून उठून आईला हाक मारली.

तक्रार एकच. सोबतच्या सॉफ्टवेअरला खिडकी-बटणं नाहीत, सगळं आज्ञा टाइप करून. डॉस वापरलेल्याला जड नाही, पण नवख्याची पहिली संध्याकाळ त्यातच जाते. केबलही बघून घ्या. पीळ असलेली असेल तर ड्राइव्ह ‘ए’, सरळ असेल तर ‘बी’ सांगावं लागतं. माझे दोन तास यातच गेले.

आणि फाइल मिळाली म्हणजे मजकूर वाचता येतो असं नाही. छपाईच्या अक्षरजुळणीचा जुना डीटीपी फॉन्ट टाकेपर्यंत स्मरणिकेत नुसता रोमन अक्षरांचा गिचका दिसत होता. फॉन्ट टाकला आणि पहिल्याच पानावर वस्तादांच्या फोटोची मोकळी चौकट, खाली आबांनी जुळवलेल्या तीन ओळी.

४८ पैकी ४५ पूर्ण निघाल्या. सव्वापाच इंचीच्या ड्राइव्हला १२ व्होल्टही लागतात, त्यासाठी कॉम्प्युटरला वीज पुरवणारा जुना एसएमपीएस काढून ठेवलाय. त्या १४ रविवारी घेते.